मालतीच्या वाट्याचे रातांबे

रातांबे पिकले की मला मालतीचा राग येतो. दर वर्षी येतो. मे महिना अर्ध्यावर आला, झाडाखाली लाल सडा पडला, त्याचा आंबटगोड वास पडवीपर्यंत आला की मी टोपली घेऊन निघते, आणि वाकून पहिला रातांबा उचलते तोच मालती मनात येते. मालती म्हणजे माझी धाकटी जाऊ. दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे राहते. जिवंत आहे, धडधाकट आहे, डोळ्यांचं ऑपरेशन सोडलं तर तिला काही झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण असल्या लेखात कुणाची आठवण निघाली की वाचणाऱ्याला वाटतं, ते माणूस गेलंच.

रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. मुंबईत वाढलेल्या आमच्या नातवंडांना बाटलीतलं सरबत तेवढं ठाऊक, म्हणून सांगावं लागतं. फळ फोडायचं. बिया आणि गर एका भांड्यात टाकायचा, साली दुसऱ्या. रसात मीठ घालायचं, साली त्यात बुडवायच्या, उन्हात पसरायच्या, संध्याकाळी उचलायच्या, सकाळी पुन्हा रसात. अशी पुटं चढता चढता साल काळी होते, मऊ होते, मग तिला आमसूल म्हणायचं. सांगायला सोपं आहे. करताना नखांच्या कडा फाटतात, फाटलेल्या जागी रस जातो, आणि जेवायला बसलं की आमटीला हात लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. हात महिनाभर काळेजांभळे. त्या दिवसांत कुणाच्या लग्नाला गेलं की आम्ही बायका हात पदराखाली धरून बसायचो. मालतीचे हात मात्र स्वच्छ असायचे. अक्षता टाकताना ती हात चांगला लांब करून टाकायची.

तो तिच्या लग्नानंतरचा पहिला मोसम. मी तिच्या आधी दोन वर्षं त्या घरात आलेली. मी चौथी शिकलेली, आणि ही मॅट्रिक. दापोलीची. पुरुष सगळे मुंबईला, घरात आम्ही दोघी आणि सासूबाई. त्या वर्षी झाडं अशी धरली होती की खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. शेजारची गंगू मदतीला यायची. सकाळची भाकरी झाली की सासूबाई घरापुढच्या खळ्यात प्रत्येकीपुढे एकेक ढीग ओतायच्या. तो तिचा वाटा. आपला वाटा संपल्याशिवाय उठायचं नाही, हा आमच्या खळ्याचा कायदा. बाळंतीण सोडून सगळ्यांना लागू.

मालतीने पहिल्या दिवशी थोडे फोडले आणि बोलायला लागली. कुठूनशी एक गोष्ट काढली. एक नवी नवरी एसटीत बसते, तिला झोप लागते, आणि ती चुकीच्या गावात उतरते. नेमकी त्या गावात एका घरी त्याच दिवशी नवी सून यायची असते. घरचे हिलाच सून समजतात, ओवाळून आत घेतात. आणि ती काही बोलत नाही.

"का गो बोलत नाय?" गंगूने विचारलं.

"तिला भूक लागलेली असते," मालती म्हणाली.

सासूबाई हसल्या. सासूबाई! ज्या बाईला मी दोन वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. मी तिच्यासमोर कमरेत वाकून भांडी घासली, शेण सारवलं, रातांब्याच्या रसात मीठ चिमूटभर जास्त पडलं म्हणून संध्याकाळभर बोलणी खाल्ली. आणि ही कालची आलेली पोर एका वाक्यात तिला हसवते.

बोलताना मालतीचा हात थांबायचा. तोंड चालू आणि हात बंद. तिला दोन्ही एकदम जमायचंच नाही. तिचा ढीग तसाच. सासूबाईंच्या नजरेतून खळ्यातली मुंगी सुटायची नाही, पण तो ढीग त्यांना दिसायचा नाही. किंवा दिसायचा, आणि त्या पायाने तो हळूच माझ्याकडे सरकवायच्या. "फोड गो तू. तुझा हात चालतो." माझा हात चालतो! हे माझं कौतुक होतं की शिक्षा, ते मला अजून कळलेलं नाही. मी फोडत गेले. माझा वाटा आणि मालतीचा वाटा. आणि ती चुकीच्या गावातली नवरी चुकीच्या सासूचे पाय दाबत होती, चुकीच्या दिराला जेवायला वाढत होती, आणि तिचा खरा नवरा गावोगाव शोधत फिरत होता. ही गोष्ट मालतीने कुठे वाचली नव्हती. ती तिथल्या तिथे रचत होती. रातांबे फोडता फोडता नव्हे. रातांबे न फोडता.

एवढी वर्षं हे मी मनात ठेवलं. ठेवलंच असतं. पण मग ती वेबसाइट आली.

आमच्या वाडीच्या मंडळाने वेबसाइट काढली तेव्हा मला वाटलं, वर्गणीदारांची नावं आणि पालखीचे फोटो टाकतील, संपलं. पण त्यात त्यांनी "सभासदांचे लेखन" म्हणून एक पान ठेवलं. सुरुवातीला जो जे पाठवेल ते टाकायचे. मग काय विचारता! कुणी फोनवर फिरत आलेले सुविचार स्वतःचे म्हणून पाठवले. एकाने कोकणच्या निसर्गावर लिहिलं आणि शेवटी मेहुण्याच्या आंब्याच्या पेटीचा भाव आणि फोन नंबर दिला. आणि एकाने ग्रामदेवतेचा इतिहास लिहिला. त्यात पालखीला पहिला खांदा द्यायचा मान आपल्याच घराण्याचा, असं ठोकून दिलं. झालं. त्या शिमग्याला पालखी देवळाच्या दारात अडली. एक पार्टी म्हणे, वेबसाइटवर आलंय म्हणजे पुरावा आहे. दुसरी म्हणे, पुरावा गेला खड्ड्यात, खांदा आमचा. दुपार टळली तरी देव बाहेर पडेना. ढोलवाले सावलीत जाऊन बसले. बायका आरतीची ताटं धरून उन्हात उभ्या. शेवटी कुणीतरी मुंबईला, वेबसाइट सांभाळणाऱ्याला, फोन लावला, तो लेख काढायला लावला, तेव्हा पालखी उचलली.

त्यानंतर मंडळाने वैशालीला संपादक केलं. वैशाली आमच्याच वाडीची सून, चिपळूणला हायस्कुलात मराठी शिकवते. तिने नियम केले आणि ते मीटिंगमध्ये उभी राहून वाचून दाखवले. लेख स्वतःचा पाहिजे. दुसऱ्याचं एक वाक्य जरी घेतलं तरी त्याचं नाव खाली द्यायचं. जाहिरात नको. घराण्याच्या मानापानाचं काही लिहायचं तर दोन्ही बाजूंना विचारून. हयात माणसाबद्दल तक्रार लिहायची असेल तर आधी त्या माणसाची संमती. आणि मी तुमचा एक शब्दही तुम्हाला विचारल्याशिवाय बदलणार नाही, असं तिने शेवटी सांगितलं. पुरुषमंडळी कुरकुरली. मला नियम आवडले. नियम दुसऱ्याला लागत असतात तोवर मला सगळेच नियम आवडतात.

मग मालतीचे लेख यायला लागले. आधी शाळेच्या घंटेवर. मग ओढ्यावरच्या धुण्यावर. मग आणखी कशाकशावर. वैशाली म्हणायची, मालतीकाकूंच्या लेखात मला काही करावंच लागत नाही. मुंबईहून, पुण्याहून माणसं तिला फोन करायची. "काकू, डोळ्यांत पाणी आलं." ओढ्यावर मीही धुणी धुतली आहेत. तिच्यापेक्षा जास्त धुतली आहेत. माझी कंबर त्या ओढ्याने मोडली. मालती दगडावर बसून पाण्यात पाय सोडायची. तो पाय सोडून बसण्याचाच लेख झाला.

माझा मुलगा प्रमोद लोट्याला कंपनीत आहे. पहिली पाळी करून येताना कंपनीच्या बसमध्ये त्याने तो ओढ्याचा लेख वाचला. घरी आला. मी चहा टाकला होता. तो दारातून परस्पर वळला, गडगा ओलांडून तिच्याकडे गेला. बराच वेळ गेला. चहावर साय धरली. परत आला आणि मलाच म्हणतो, "आई, काकीने काय लिहिलंय गो! तू वाचलंस काय?"

मी जळले. यासाठी दुसरा शब्द मला येत नाही. शिकलेल्या बायका याला काही वेगळं म्हणत असतील.

गेल्या वर्षी रातांबे पिकले तशी मी पेन घेऊन बसले. चार दिवस बसले. लिहायची सवय गेलेली, अक्षरं वाकडी, एकेक शब्द जोरात म्हणून मग लिहायचा. माझी सून रेश्मा भाजी चिरता चिरता ऐकायची आणि हसू दाबायची. मी झाड लिहिलं, वास लिहिला, हात काळे होतात ते लिहिलं, आणि मग लिहिलं की मालती आळशी होती, तिच्या वाट्याचे रातांबे मी फोडले आणि ती नुसत्या गोष्टी सांगत बसली. लिहिताना इतकं बरं वाटलं की पाठीचा दुखवा कळला नाही. रेश्माने पानांचे फोटो काढले आणि वैशालीला पाठवले.

दुसऱ्या दिवशी वैशालीचा फोन.

"काकी, लेख मनापासून आवडला. पण आळशी हा शब्द काढा."

"का? खोटं आहे?"

"ते तुमचं मत झालं. काकूंनी काय केलं ते लिहा, मत वाचणाऱ्याला करू दे."

"काहीच केलं नाही तिने. तेच तर लिहिलंय!"

वैशाली हसली. मग म्हणाली, "मग तेवढंच लिहा. आणि काकी, त्या हयात आहेत. त्यांना वाचून दाखवून संमती घ्यावी लागेल."

"मी? मालतीकडे जाऊ?"

"नियम आहे ना, काकी. तुम्हीच मीटिंगमध्ये हात वर केला होता."

केला होता. सगळ्यात आधी मीच केला होता.

मला वाटलं, लेख चुलीत घालावा. पण तो लेख माझा होता. आयुष्यात भाकऱ्या किती थापल्या, गोधड्या किती शिवल्या, त्यावर माझं नाव कुठे नव्हतं. या चार पानांवर वर माझं नाव होतं. ते पान फोनवर दिसावं, लोट्याच्या बसमध्ये बसून माझ्या मुलाने ते वाचावं, एवढं मला हवं होतं. आणि त्याच्या आड उभी कोण? पुन्हा मालतीच.

दोन दिवस काढले. आभाळ भरून यायला लागलं होतं, साली अजून ओलसर होत्या, हे निमित्त पुरलं. तिसऱ्या दिवशी गडगा ओलांडला.

मालती पडवीत काळा चष्मा लावून बसली होती. डोळ्यांत थेंब घालतात, वाचायचं नाही असं डॉक्टरने बजावलेलं. तिच्यापुढे तिच्या झाडाचे रातांबे पडलेले, कुणी हात न लावलेले.

"ये वैनी. बस. काय आणलंस?"

"लेख आणलाय. तुझी तक्रार आहे त्यात. ऐक आणि संमती दे."

"वाच की," ती म्हणाली आणि पाय पसरून आरामात बसली. जशी काय आरतीच ऐकायची होती.

मी वाचायला लागले. ओळीखाली बोट धरून वाचते मी, अजून. आळशी हा शब्द काढून मी तिथे लिहिलं होतं, तिच्या वाट्याचा ढीग संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा, तो मी फोडायचे. तिथे आल्यावर माझा आवाज जरा चढला. मालतीने संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"खरं आहे," शेवटी म्हणाली.

"मग संमती?"

"दिली. पण वैनी, एक वाक्य राहिलं त्यात."

"कुठलं?"

"ती गप्प झाली की आमचे हात जड व्हायचे."

मी कागद खाली ठेवला. "हे मी कशाला लिहू? हे तर तुझं कौतुक झालं."

"माझं कसलं? तूच म्हणालीस ते. मला ताप आला होता बघ त्या मोसमात. दोन दिवस खळ्यात आले नाही. तू पेज घेऊन आलीस, दारात उभी राहून मला म्हणालीस, उठ गो बाय, तू गप्प झालीस तसे आमचे हात जड झाले."

"मी? मी असं बोलेन?"

"बोललीस."

"मला आठवत नाय."

"तुला काय आठवणार! तुला मीठ किती पडलं ते आठवतं."

मला राग आला. पण ताप मला आठवत होता. पेजही आठवत होती, तिने अर्धी ठेवली होती, तेही. आणि ते दोन दिवस आठवत होते. सासूबाई, गंगू, मी, तिघी खळ्यात. कुणाचाच वाटा वेळेत संपला नव्हता. गंगू दर थोड्या वेळाने उठून पाणी प्यायला जायची. सासूबाई ज्याला त्याला चावत होत्या. मी मनातल्या मनात त्या चुकीच्या गावातल्या नवरीचं पुढे काय होईल ते रचून बघितलं होतं, आणि मला जमलं नव्हतं. माझी नवरी दुसऱ्याच दिवशी खरं सांगून मोकळी होत होती. हे सगळं आठवलं. ते वाक्य आठवलं नाही.

"घालू नको वाटलं तर," मालती म्हणाली. "संमती दिलीय मी. वैशालीला फोन करून सांगते."

हे तर फारच झालं. अडवलं असतं तर भांडता आलं असतं. मी उठायला गेले तेव्हा बघते, माझ्या मांडीशी सालींचा ढीग. बोलता बोलता मी तिचे रातांबे फोडायला लागले होते. अर्धे होत आले होते. मालतीला काळ्या चष्म्यातून दिसलं की नाही, कोण जाणे. मी तसेच हात पुसून घरी आले.

घरी येऊन लेख पुन्हा वाचला. वाक्याशिवाय वाचला. चांगला होता, पण भाड्याच्या खोलीत भांडणाऱ्या बाईसारखा वाटला, जिचं भांडण कशावरून आहे ते शेजाऱ्यांना कळत नाही. एवढाच राग होता तर मी तिचा वाटा फोडला का? सासूबाईंनी सरकवला म्हणून? मी सासूबाईंना बाकी कशात भीत नव्हते. मग ते वाक्य घालून वाचला. उभा राहिला. मी मुकाट्याने ते लिहिलं. रेश्माने फोटो काढला.

संध्याकाळी वैशालीचा फोन. "काकी, काकूंची संमती मिळाली. आता लेख पूर्ण झालाय. फक्त एक विचारायचं होतं. ते हात जड झाल्याचं वाक्य, ते तुमचंच ना?"

"का विचारतेस?"

"बाकीच्या लेखापेक्षा जरा वेगळं वाटलं. दुसऱ्याचं असेल तर नाव द्यायचं, एवढंच."

पलीकडून तिला वाटलं फोन कटला, दोनदा हॅलो म्हणाली.

काय सांगणार होते मी? माझं म्हणावं, तर मला आठवत नाही. आणि मालतीचा काय भरवसा! जिने एका नवरीला चुकीच्या गावात उतरवून आख्खा मोसम तिथे नांदवलं, ती माझ्या तोंडी एक वाक्य घालायला कितीसा वेळ लावेल? तिने ते तिथे पडवीत बसल्या बसल्या रचलं असेल आणि मला देऊन टाकलं असेल, शेजारणीला वाटीभर कालवण द्यावं तसं. आणि मालतीचं म्हणावं, तर कोण जाणे, खरंच माझं असेल. दारात उभं राहून, पेजेचं भांडं हातात धरून, मी एकदाच आयुष्यात धड काही बोलले असेन, आणि तेवढंच मी हिच्या नावावर करून देणार.

"काकी?"

"मालतीचं आहे," मी म्हटलं. "नाव घाल खाली."

मोठ्या मनाने म्हटलं नाही. तिने दिलेलं काही अंगावर ठेवायचं नव्हतं, म्हणून म्हटलं.

लेख वेबसाइटवर आला. वर माझं नाव, खाली बारीक अक्षरात ओळ, की यातलं अमुक वाक्य मालती यांचं, त्यांच्या संमतीने. प्रमोदने बसमध्ये वाचला आणि घरी येऊन माझ्याजवळ बसला, हे कबूल केलं पाहिजे. माझे हात उलटसुलट करून बघितले. "आई, हे मला ठाऊकच नव्हतं," म्हणाला. तेवढं मला मिळालं. पण लेखाखाली माणसांनी लिहिलेलं रेश्माने वाचून दाखवलं, आणि त्यात जो तो तेच एक वाक्य घेऊन बसलेला. किती खरं आहे. काकूंनी काय ओळ दिली आहे. आमच्या आजीकडेही असंच व्हायचं. माझी चार पानं, माझं झाड, माझा रस, माझी फाटलेली नखं, आणि सगळ्यांना चिकटलं ते वाक्य. गडग्यापलीकडे मालतीला फोन येत होते, तिचं हसणं ऐकू येत होतं. ते वाक्य माझं असलं तरी आता मला परत मागता येत नाही. कुणाकडे मागू? मीच तर नाव घालायला सांगितलं.

यंदा पुन्हा रातांबे पिकले आणि वैशालीने पुन्हा लेख मागितले, म्हणून हे लिहिलं. यातही मालती आहे, हयात आहे, आणि तक्रार तर आहेच. तेव्हा काल नियमाप्रमाणे गडगा ओलांडून तिला सगळं वाचून दाखवलं. ती सालींसारखी सुरकुतलेली बोटं मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत होती.

"ठीक आहे," म्हणाली. "संमती आहे."

एवढंच. एकही वाक्य घाल म्हणाली नाही. मी कागदाची घडी केली, परत उलगडली, पुन्हा केली. थोडा वेळ तशीच बसून राहिले, आणखी काही म्हणते का बघत. मग मी उठून घरी आले.